शामलाचं नेट

महालातल्या आमच्या गल्लीत एक बातमी बरेच दिवस फिरत होती: शामलाताई पोहनकर उमरेडच्या एसटीत इंटरनेट विकतात. पूर्ण फेरीचे दहा रुपये, पाचगावपर्यंतच हवं असेल तर पाच. कोणी म्हणे, डब्याच्या पिशवीत खाली यंत्र आहे आणि वर पोळी-भाजी. कोणी म्हणे, कंडक्टरचाही त्यात हिस्सा आहे. शेवटी एका गिऱ्हाइकानं पोहनकरांच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन शामलाच्या नवऱ्यालाच विचारलं. पोहनकरांनी हातातला पितळी गंज, म्हणजे पातेलं, खाली ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाले, "विकत असंल त् घरी तरी सांगाले पाहिजे होतं."

बातमी सपशेल खोटी होती. शामला नेट विकत नव्हती. ती फुकट देत होती, आणि भरल्या बसमध्ये फक्त एकीला देत होती. विकलं असतं तर बरं झालं असतं, चार लोकांनी घेतलं असतं आणि विषय मिटला असता. पण ज्या एकीला द्यायचं होतं, तिनंच घेणं बंद केलं. सगळी भानगड तिथून सुरू झाली.

(शामला वयानं आमच्याच बरोबरीची, म्हणून यापुढे ताई गाळतो. तिनं वाचलं तर रागावेल. ती तशीही रागावतेच.)

उमरेडला एका सरकारी ऑफिसात ती वरिष्ठ लिपिक आहे. घर महालात, नोकरी उमरेडला, त्यामुळे अर्धा जन्म अपडाऊनमध्ये गेला. सकाळी स्कूटी बसस्टँडच्या पार्किंगला लावायची, फलाटावर गाडी लागताना तिच्या बाजूबाजूनं धावायचं आणि खिडकीतून नॅपकिन आत टाकायचा. नॅपकिन पडला की ती सीट शामलाची. या बाबतीत तिचा नेम असा, की जुने कंडक्टर नव्या कंडक्टरांना तिची ओळख नेमावरून करून देतात.

आणि तिचा दुसरा गुण म्हणजे जळणं. मत्सर वगैरे पुस्तकी शब्द तिला मोठे होतील. ती साधं, घरगुती जळते. धाकट्या बहिणीच्या लग्नात बँडवाले हिच्या लग्नापेक्षा जास्त होते. लग्नाचा व्हिडिओ लागला की ती अजून त्या ठिकाणी थांबवून मोजते. शेजारच्या घरी कपडे धुण्याचं मशीन आलं. काम संपलं की ते गाणं वाजवायचं. गाणं भिंतीतून ऐकू आलं की शामला मोरीतल्या कपड्यांना असं आपटायची, की पोहनकरांच्या दोन शर्टांच्या कॉलर गेल्या. ऑफिसात दुसऱ्या टेबलाला चाकांची खुर्ची मिळाली, तेव्हा हिनं आठवडाभर उभ्यानं काम केलं. साहेबांनी विचारलं, "ताई, बसत काहून नाही?" तर म्हणे, "बसाले काय आहे सर, खुर्ची पाहिजे ना."

पण हे सगळं वस्तूंवरचं जळणं. ते दुपारपर्यंत टिकायचं आणि जेवल्यावर उतरायचं. माणसावरून ती आयुष्यात एकदाच जळली, आणि तेही नवऱ्यावरून नाही. पोहनकर कोणाशी दोन शब्द जास्त बोलले असते, तर तिनं गल्लीत पेढे वाटले असते.

ती जळली गोपिकेवरून.

गोपिका बडकस चौकाच्या पलीकडे राहते आणि उमरेडच्या एका शाळेत आठवीला गणित शिकवते. दोघी एकाच वयाच्या आणि एकाच बसच्या. कितीतरी वर्षं दोघींची एकच सीट. खिडकी गोपिकेची, कारण तिला गाडी लागते. बाहेरची बाजू शामलाची, कारण तिला सगळीकडे लक्ष ठेवायचं असतं. शामला बोलायची आणि गोपिका ऐकायची. बोलण्याला ठरलेले थांबे होते. दिघोरी नाक्यापर्यंत घरच्या गोष्टी. विहीरगावपर्यंत सासरचे. पाचगावला डब्यातला एकेक घास, आणि त्यापुढे ऑफिस. ऑफिस कधीकधी उमरेडच्या स्टँडवर उतरून उभ्या उभ्या संपवावं लागायचं. संध्याकाळी शाळा लवकर सुटते, परतीच्या बसा वेगळ्या, म्हणून जे काय ते सकाळचंच.

घरी शामलाचं ऐकायला कोण होतं? लेक अदिती बेंगळुरूला. पोहनकर दिवसभर दुकानात, आणि घरी आले की भांड्यांसारखेच गप्प. म्हणजे तिच्या चोवीस तासांतला बोलण्याचा तास तेवढा एक. तो उमरेड रोडवर, खिडकीतल्या बाईच्या कानात जायचा. तो गेला, तर शामलाकडे फक्त ऐकून घेणाऱ्या भिंती उरणार होत्या, आणि त्यातल्या एकीतून मशीनचं गाणं येणार होतं.

गेल्या दिवाळीत गोपिकेचा मुलगा ऋषिकेश पुण्याहून आला आणि जाताना आईला आपलं जुनं गेमचं मशीन देऊन गेला. त्यानं नवं घेतलं होतं. दोन हातांत धरायचं, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. पहिल्या दिवशी गोपिकेनं ते बसमध्ये काढलं तेव्हा जिजाबाई नावाच्या एका म्हातारीनं तिच्यापुढे नोट धरली. "बाई, एक अर्धं विहीरगाव." मशीन दिसलं की तिकीट मागायचं, एवढं एसटीनं सगळ्यांना शिकवलंच आहे. गोपिका इतकी हसली की तिचा गेम हुकला.

गेम मासे पकडायचा होता. जिनं जन्मात कधी अंडं फोडलं नाही, ती बाई उमरेड रोडवर नाव घेऊन तळ्यात जायची, गळ टाकायची आणि रोहू लागला की गुपचूप मूठ वळायची. तळं एकटीचं नव्हतं. कुठकुठली माणसं आपापल्या नावा घेऊन त्यात यायची, आणि म्हणून त्याला नेट लागायचं. नेट नसलं की नाव घाटालाच बांधलेली. मशीनला सिमकार्ड नसतं. गोपिकेच्या फोनचं नेट शाळेची हजेरी भरण्यात खर्च व्हायचं, आणि वरून तो फोन तव्यासारखा तापायचा.

"शामे, तुह्या फोनचं नेट दे ना वं थोडं," गोपिका म्हणाली.

शामलानं हॉटस्पॉट सुरू करून दिला. दिला खरा, पण दिघोरी येईपर्यंत तिला पश्चात्ताप झाला. ती नणंदेची गोष्ट सांगत होती, आणि गोपिका हं म्हणत होती, पण ते हं नणंदेला होतं की माशाला, हे कळत नव्हतं.

"मंग तिनं काय केलं असंल, सांग बरं?" शामलानं विचारलं.

"सोडून दे, लहान आहे," गोपिका म्हणाली.

"नणंद लहान आहे? पासष्टीची आहे ते!"

"मासा वं."

चार दिवस शामला त्या मशीनवर जळली. पाचव्या दिवशी तिच्या डोक्यात उजेड पडला. मशीन गोपिकेचं असेल, पण नेट तर आपलं आहे! त्या दिवशी ऑफिसातली मोठी बातमी होती. शामलानं पर्समध्ये हात घालून हॉटस्पॉट बंद केला. नाव जागच्या जागी थांबली.

"काय झालं वं?"

"टॉवर गेला असंल. तोवर ऐक."

गोपिकेनं ऐकलं. पूर्ण ऐकलं, मधे दोन प्रश्नही विचारले. मग टॉवर आला. तेव्हापासून असा कारभार बसला, की आधी बातमी आणि मग मासे. गोपिका भोळी नव्हती, गणिताची बाई ती. पहिल्याच आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की टॉवर नेमका नणंदेच्या वेळी जातो. पण ती बोलली नाही. उलट कधीकधी स्वतःच मशीन मांडीवर पालथं ठेवून म्हणायची, "बोल, आज टॉवर कधी जाणार आहे?" शामला सुखी होती. तिच्या फोनपासून दोन हातांवर गोपिकेची नाव बांधलेली होती, आणि दोरी पर्समध्ये होती.

मग श्वेता आली.

श्वेता उमरेडच्या बँकेत नव्यानं लागलेली पोरगी. दिघोरीला बसमध्ये चढायची. पहिल्या दिवशी तिनं गोपिकेच्या हातातलं मशीन पाहिलं आणि भर गर्दीत किंचाळली. "ताई! हे तुमच्याकडे पण आहे?" आणि तिनं आपल्या बॅगेतून तसंच, गुलाबी खोळ घातलेलं मशीन काढलं. मग कळलं की अशी दोन मशीनं जवळजवळ आली तर एकमेकींना आपोआप ओळखतात. नेट लागत नाही. दोघींचं तळं एक होतं.

शामलाला त्या सगळ्यात फक्त तीन शब्द ऐकू आले: नेट लागत नाही.

वर श्वेता तिच्याकडे वळून म्हणाली, "काकू, जरा सरकता का?"

गोपिका ताई आणि शामला काकू! दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या. गोपिकेचे केस जास्त पांढरे, चष्म्याचा नंबर जास्त. शामलाला सरकायला जागा होती, पण ती सरकली नाही. "माह्या पायाले गोळा येते," ती म्हणाली. श्वेता बिचारी मागं जाऊन शेवटच्या लांब सीटवर बसली.

गोपिका थोडा वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "शामे, पाच मिनिटं जाऊन येते वं."

ती उमरेड येईपर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशीही पाच मिनिटंच. तिसऱ्या दिवशी दिघोरीच्या आधीच मशीन हातात घेऊन बसली. त्या आठवड्याच्या शेवटी ती स्टँडवरच मागच्या दारानं चढली आणि शेवटच्या सीटवर जाऊन श्वेताची जागा धरून बसली.

शामलानं फक्त नॅपकिन खिडकीच्या सीटवर टाकला आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसली, नेहमीसारखी. पण बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून उमरेडच्या बसमध्ये उभं राहायलाही ओळख लागते, तिथे रिकामी खिडकी कोण सोडतं? रुपराव कंडक्टर यायचे आणि मान खाजवायचे.

"ताई, ही सीट?"

"येणार आहे."

"कोण येणार आहे?"

"तुम्ही तिकिटं फाडा ना भाऊ."

"फाडत नाही आता, मशीनमधून निघतात. अन् ताई, अर्ध्या तिकिटात दोन सीटा मले देता येत नाही हो."

विहीरगावपर्यंत कोणी ना कोणी नॅपकिन उचलून तिच्या मांडीवर ठेवून बसायचंच. कधी जिजाबाई, कधी कोळसा खाणीतला एखादा मामा. शामला प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारायची, "उतरणार कुठं?"

मागून हसण्याचे आवाज यायचे. गोपिका उशिरा हसणारी बाई. शामलानं विनोद सांगितला की तो तिला पुढच्या थांब्यावर कळायचा. आता मात्र ती लगेच हसत होती. आपल्या विनोदाला दोन किलोमीटर आणि त्या पोरीच्या मासोळीला एक सेकंदही नाही! शामला मान वळवून पाहायची नाही. समोरच्या ड्रायव्हरच्या आरशात पाहायची. आरशात शेवटची सीट सुपारीएवढी दिसायची, पण गुलाबी रंग ओळखू यायचा.

त्या रविवारी अदितीचा व्हिडिओ कॉल आला. आईनं विचारलं, हॉटस्पॉटचं नाव बदलता येतं का. अदितीनं दाखवलं. त्या नावाला जागा थोडी मिळते, आणि शामला ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. आपण इथे सोयीनं मराठीत वाचू. तिचा हिशेब असा: पहिल्यांदा नेट जोडताना गोपिकेच्या मशीनवर आजूबाजूच्या नेटची यादी आली होती, ती शामलानं डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे गोपिका मशीन उघडेल तेव्हा यादीत पाहीलच.

सोमवारी बसमध्ये नवं नेट उगवलं: "फक्त ओळखीच्यांसाठी".

कॉलेजात जाणाऱ्या पोरींनी ते आधी पाहिलं. बाकी लोकांनी त्यांच्याकडून. ओळखीच्यांना फुकट, म्हणजे बिनओळखीच्यांना विकत, असा सरळ अर्थ कोणीतरी लावला, आणि तीच बातमी उमरेड रोडनं उलटी येत आमच्या गल्लीत पोहोचली.

मंगळवारी नाव होतं: "पाच मिनिटं झाली नाहीत का". बुधवारी: "काकू कोणाले म्हणते". एक दिवस: "मासेवालीले नेट नाही". शामलाला जागा पुरायची नाही, त्यामुळे टोमणा तोकडा राहायचा आणि जास्त लागायचा. लोक बसमध्ये चढले की आधी सीट शोधायचे आणि नंतर नेट. दिघोरीला चढणारा माणूस स्टँडवरून येणाऱ्याला विचारायचा, "आजचं काय आहे गा?" रुपरावांनी तर तिकीट देता देता दाद द्यायला सुरुवात केली. "ताई, कालचं जोरदार होतं." शामला त्यांच्याकडे असं पाहायची की जणू त्यांनी तिचं पत्र फोडून वाचलं.

हे सगळ्या बसला माहीत होतं. अपडाऊनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कोणी एक अक्षर टाकलं नाही, कारण त्या ग्रुपवर गोपिका होती. फुकटचा तमाशा चालू असताना पडद्याला हात लावायचा नाही, एवढी अक्कल लोकांना असते.

आणि गोपिकेला काहीच माहीत नव्हतं. तिच्या मशीनला आता नेट लागतच नव्हतं, तर ती यादी उघडणार कशाला? शामला रोज नवा बाण सोडायची, आणि ज्या बाईवर सोडायची ती मासे पकडत बसलेली.

पण शामलाला हे कुठे ठाऊक? तिला वाटत होतं की गोपिका रोज वाचते. वाचते, श्वेताला दाखवते, आणि मग दोघी हसतात. मागचं प्रत्येक हसू तिला आपल्याच नावावरचं वाटायला लागलं. आधी ती रागानं जळत होती. आता रात्रीची भाजीही तिच्या हातून जळायला लागली. पोहनकर मुकाट्यानं खायचे. एक दिवस एवढंच म्हणाले, "गोपिका बरी आहे ना?" शामला उठून मोरीत गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

मग एका शुक्रवारी बसमध्ये नाव उगवलं: "सोमवारपासून पहिली बस".

त्या दिवशी कोणी हसलं नाही. पहिली बस म्हणजे भल्या पहाटेची, तिच्यात खाणीतले लोक झोपून जातात. शामला त्या बसनं जायला लागली, तर ती आणि गोपिका उमरेड रोडवर पुन्हा भेटणार नव्हत्या. महालात दोघींची घरं दहा मिनिटांवर, पण शहरात कोण कोणाकडे जातं? त्यांची मैत्री एसटीची होती आणि एसटीतच संपणार होती. त्या सकाळी शामलानं खिडकीची सीट कोणालाच दिली नाही. एका जाड्या मामांनी नॅपकिनला हात लावला तर म्हणाली, "मामाजी, आज नाही. सोमवारी येऊन दोन्ही सीटांवर झोपा." रुपरावांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता पुढे गेले.

बस विहीरगावच्या पुढे निघाली. गर्दी अशी की मधल्या वाटेत माणसांच्या मधून हवाही जाईना.

मागच्या सीटवर वेगळंच चाललं होतं. श्वेतानं रात्री घरी गेमची नवी आवृत्ती मशीनमध्ये भरून घेतली होती. गोपिकेच्या मशीनमध्ये जुनीच होती. आता दोन्ही मशीनं एकमेकींना ओळखत नव्हती.

"ताई, तुमचं अपडेट मागतंय. नेट लागेल," श्वेता म्हणाली. "थांबा, माझ्या फोनवरून देते. यादी उघडा."

गोपिकेनं यादी उघडली. वरच श्वेताच्या फोनचं नाव होतं. त्याच्या खाली लिहिलं होतं: "सोमवारपासून पहिली बस".

"हे कोणाचं वं?"

श्वेता गोंधळली. "शामलाकाकूंचं. रोजच असतं ना ताई, रोज नवीन. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही..."

"रोज? काय असते रोज?"

श्वेतानं सांगितलं. तिच्या पलीकडच्या कॉलेजच्या पोरीनं राहिलेली नावं सांगितली, तिनं तर सगळ्या नावांचे फोटो काढून ठेवले होते. गोपिकेनं एकेक वाचलं. आठवीच्या पोरांच्या चुका पाहताना तिचं तोंड होतं तसं झालं. मशीन तिनं बंद करून बॅगेत टाकलं. उठून उभी राहिली, पण पुढे जायला वाट कुठे? समोर माणसांची भिंत, वर पिशव्या, खाली पोती. ओरडावं तर सगळी बस कान टवकारून. ती खाली बसली आणि आपला तापणारा फोन काढला.

"श्वेता, याचं नाव कसं बदलतात वं? लवकर सांग."

पुढे रुपराव एका सीटला मांडी टेकवून तोल सांभाळत उभे होते. त्यांच्या फोनवर त्यांना दिसलं आणि ते शामलाच्या सीटपर्यंत रेटारेटी करत आले.

"ताई, मांगून उत्तर आलं."

त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. यादीत नवं नाव होतं: "काहून वं".

शामलानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. कान लाल झाले. मग तिनं आपला फोन काढला आणि खूप वेळ बोटं चालवली. रुपराव, जाडे मामा, उभ्या दोन बाया, सगळे वाकून वाट पाहत होते. नवं नाव आलं: "श्वेताले विचार".

"अरे बाप्पा," रुपराव पुटपुटले.

मागून आलं: "रुमाल कोणासाठी असते रोज".

आता शामलाची बोटं थांबली. तिला पहिल्यांदा कळलं की गोपिकाही मागून पाहत होती. खिडकीवरचा नॅपकिन पाहत होती, त्या जागी रोज नवं माणूस बसलेलं पाहत होती, आणि समजत होती की आपली जागा दिली. पाचगाव गेलं. दोघींचा घासाचा थांबा. शामलानं लिहिलं: "मले काय माहीत".

"काय हो ताई!" उभी असलेली एक बाई न राहवून बोलली. "खरं लिहा ना! सोमवारी आम्ही काय पाहावं मंग?"

आणि मग मागून शेवटचं नाव आलं: "उलटी होऊन राहिली".

रुपरावांनी ते मोठ्यानं वाचलं. बसमध्ये विनंती करून वाट मिळत नाही, भांडून मिळत नाही, पण या एका शब्दानं मिळते. मधल्या वाटेतली माणसं पटापट सीटांवर, पोत्यांवर, एकमेकांच्या पायांवर चढली. ज्या गर्दीतून हवा जात नव्हती, तिच्यातून गोपिका तोंडावर पदर धरून सरळ चालत पुढे आली. शामला उठून उभीच होती, हातात लिंबू. ते ती तिच्यासाठी किती वर्षं पर्समध्ये ठेवत आली होती, कोण जाणे. तिनं नॅपकिन झटकन उचलला आणि गोपिकेला खिडकीत बसवलं. काच सरकवली. लिंबू नाकाशी धरलं.

"खोल श्वास घे. डोळे मीट. तुले कोणी सांगतलं होतं मांगच्या सीटवर बसाले? तिथं चाकं असते खाली, तुले माहीत नाही का? त्या पोरीले काय, तिचं वय आहे उड्या माराचं. तू आपली..."

गोपिकेनं पदर खाली केला. ती हसत होती.

"मले काही नाही होऊन राहिलं, शामे. रस्ता पाहिजे होता."

शामला लिंबू हातात धरून तशीच उभी राहिली. मामा हसले, मग रुपराव हसले, मग ज्यांनी एकमेकांच्या पायांवर उभं राहून वाट दिली होती ते सगळे शिव्या देत हसले. मागून श्वेताचा आवाज आला, "काकू, सॉरी!" आणि त्या काकूवर शामलाच्या कपाळाला एक आठी पडली, नाही असं नाही.

ती बसली. गर्दी पुन्हा मिटली. चांपा जवळ आलं तेव्हा गोपिकेनं तिच्या मांडीवरचा फोन उचलला, आणि त्यावरचं ते पहिल्या बसचं नाव पुसलेलं आहे ना, हे पाहून परत ठेवला.

"इतके दिवस त्या नेटवर लिहीत बसली," गोपिका म्हणाली. "साऱ्या बसनं वाचलं, माह्या शाळेतल्या शिपायानंही वाचलं असंल. तोंडानं एक हाक मारता येत नव्हती काय वं तुले? मी आली नसती काय?"

शामलानं नॅपकिनची घडी घातली आणि म्हणाली, "हाक मारली असती त् तू आली असती, ते मले मालूम आहे. पण हाक मारून त् कंडक्टरही येते."